वाचकांचे प्रश्न : लोडरच्या ट्रॅक्टरला मागे वजन किती आणि कुठे?

पुढे लोडर बसवलेल्या लहान ट्रॅक्टरला मागे वजन कसे लावावे, या एकाच विषयावर या वेळी सहा पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण बाकीची उत्तरे त्यातील हिशेबावरच उभी आहेत. घाईत असलेल्या वाचकांनीही निदान ते तरी पूर्ण वाचावे, अशी विनंती आहे.

प्रश्न : माझ्याकडे २५ अश्वशक्तीचा, चारही चाकांना ओढ असलेला लहान ट्रॅक्टर असून त्याला पुढे लोडर आहे. कोरडा पालापाचोळा उचलताना काही जाणवत नाही. परंतु बकेट ओल्या मातीने किंवा खडीने भरली की स्टिअरिंग जड होते आणि मागची चाके जागीच फिरू लागतात. मागच्या आठवड्यात उतारावर बकेट खाली आणताना मागचे एक चाक चक्क जमिनीवरून सुटले. मागच्या टायरमध्ये पाणी भरावे, की मागे वजनाची पेटी लावावी? दोन्हींचा परिणाम सारखाच होतो, असे मला सांगण्यात आले आहे.

उत्तर : दोन्हींचा परिणाम सारखा होत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि तो महागात पडू शकतो, म्हणून तो आधी दूर करू.

लोडरसह ट्रॅक्टर ही एक तरफ आहे आणि तिचा टेकू म्हणजे पुढचा अ‍ॅक्सल. बकेटमधील माल टेकूच्या पुढे असतो, तर ट्रॅक्टरचे बहुतेक वजन टेकूच्या मागे असते. बकेटमध्ये जितका माल पडतो तितकाच भार पुढच्या चाकांवर वाढतो, असे सहज वाटते. प्रत्यक्षात मालाचे सगळे वजन तर पुढच्या चाकांवर येतेच, शिवाय मागच्या चाकांवरचा काही भारही उचलला जाऊन पुढे सरकतो. एक उदाहरण आकड्यांत मांडतो. हे आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. आपल्या यंत्राचे आकडे मोजूनच घ्यावे लागतील.

लोडरसह ट्रॅक्टरचे वजन ११०० किलो आहे, त्यापैकी पुढच्या अ‍ॅक्सलवर ५२० आणि मागच्यावर ५८० किलो येते, आणि दोन्ही अ‍ॅक्सलमधील अंतर १६० सेंटिमीटर आहे, असे समजू. बकेटमध्ये ४०० किलो माल घेतला आणि त्याचा मध्य पुढच्या अ‍ॅक्सलच्या १२० सेंटिमीटर पुढे आला, तर मागच्या चाकांवरून ४०० गुणिले १२० भागिले १६०, म्हणजे ३०० किलो भार कमी होतो. मागे उरतात २८० किलो आणि पुढच्या अ‍ॅक्सलवर येतात १२२० किलो. बकेटमध्ये ४०० किलो पडले, पण पुढच्या अ‍ॅक्सलचा भार ७०० किलोने वाढला. आपले स्टिअरिंग जड होते आणि मागची चाके फिरतात, त्याचे कारण हे आहे.

आता चाक का सुटले ते पाहू. भरलेली बकेट वेगाने खाली येत असताना लिव्हर झटक्याने सोडला, तर तो माल थांबवण्यासाठी लोडरला क्षणभर त्याच्या वजनाहून बराच अधिक जोर लावावा लागतो. तो जोर क्षणभर दुप्पट झाला असे धरले, तर मागच्या चाकांवरून ६०० किलो उचलले जातात, आणि तिथे मुळात होते ५८०. म्हणजे सपाट जमिनीवरही चाके सुटतील. आपण तर उतारावर होता, जिथे ट्रॅक्टरचे स्वतःचे वजनही पुढच्या बाजूला झुकलेले असते. खड्ड्यातून जाणे, अचानक ब्रेक लावणे, जमिनीत रुतलेले मूळ बकेटने उपटण्याचा प्रयत्न करणे, यांचाही परिणाम असाच होतो. मुळाच्या बाबतीत तर बकेट रिकामी असली तरी लोडर आपली पूर्ण ताकद लावतो, त्यामुळे धोका कमी नसतो.

याच यंत्राच्या मागे २५० किलो वजन लावायचे आहे आणि ते टायरमध्ये किंवा चाकांच्या डिस्कवर लावले, असे समजा. हे वजन मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर रेषेत बसते. ४०० किलो मालासह मागे ५३० किलो राहतात, परंतु पुढच्या अ‍ॅक्सलवर पूर्वीइतकेच १२२० किलो राहतात. तेथील एक किलोसुद्धा कमी होत नाही. आता तेच २५० किलो थ्री-पॉइंट लिंकेजवर (अवजारे जोडायच्या मागच्या तीन दांड्यांवर), मागच्या अ‍ॅक्सलच्या ८० सेंटिमीटर मागे टांगले, असे समजा. तेव्हा मागच्या अ‍ॅक्सलवर २५० नव्हे तर ३७५ किलो भार वाढतो, आणि वरचे १२५ किलो पुढच्या अ‍ॅक्सलवरून उचलले जातात. मागे ६५५ आणि पुढे १०९५ किलो, अशी वाटणी होते. मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडे टांगलेले वजनच पुढच्या अ‍ॅक्सलला हलके करते. चाकात भरलेले वजन ते करू शकत नाही. पुढच्या हबमधील बेअरिंग, तेलाची सील, किंगपिनचे (पुढचे चाक जिच्यावर वळते त्या पिनेचे) बुश आणि चारही चाकांना ओढ देणारे पुढचे गिअर हे सगळे लहान ट्रॅक्टरमध्ये आकाराने लहानच असतात, आणि लोडरच्या कामात सर्वांत आधी झिजतात तेही हेच भाग.

याहून महत्त्वाची बाब आडवे कलंडण्याची आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ट्रॅक्टर चार चाकांवर उभा असला तरी त्याचा तोल चार बिंदूंवर नसतो. पुढचा अ‍ॅक्सल मधोमध एका पिनवर डोलतो, म्हणजे खाचखळगे असले तरी दोन्ही पुढची चाके जमिनीला टेकून राहतात. त्यामुळे ट्रॅक्टर खऱ्या अर्थाने दोन मागची चाके आणि ती पुढची पिन अशा तीन बिंदूंवर उभा असतो. पुढचा अ‍ॅक्सल त्याच्या अडसराला टेकेपर्यंत पुढची चाके आडव्या तोलाला काहीच मदत करत नाहीत. या त्रिकोणाचा पाया मागे रुंद असतो आणि टोक पुढे असते. बकेट भरली की गुरुत्वमध्य पुढे, म्हणजे त्रिकोणाच्या अरुंद टोकाकडे सरकतो.

आपल्याच उदाहरणात बॅलास्ट, म्हणजे मागे लावलेले जास्तीचे वजन, नसताना गुरुत्वमध्य पुढच्या अ‍ॅक्सलच्या केवळ ३० सेंटिमीटर मागे येतो. मागच्या दोन टायरच्या मध्यांतील अंतर १०० सेंटिमीटर असेल, तर तिथे त्रिकोणाची कड मधल्या रेषेपासून जेमतेम ९ सेंटिमीटरवर असते. टायरमध्ये २५० किलो भरले तर ही जागा १५ सेंटिमीटर होते. तेच वजन मागे टांगले तर जवळजवळ १९, म्हणजे दुप्पट. मागे वजन लावल्यावर ट्रॅक्टर एकदम ठाम वाटू लागतो, त्यामागचे गणित हे आहे. टायरमधील वजनाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी : ते खूप खाली असते, त्यामुळे एकूण गुरुत्वमध्य खाली येतो, आणि आडव्या उतारावर त्याचा चांगला उपयोग होतो.

आपण उताराचा उल्लेख केला आहे, म्हणून ब्रेकविषयी. बहुतेक लहान ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांवर काम करतात. मागची चाके हलकी झाली की ब्रेक दाबूनही ती नुसतीच घसरतात. चारही चाकांची ओढ चालू असेल तर पुढची चाकेही गिअरमार्फत मागच्यांशी जोडलेली राहतात आणि ब्रेकचा जोर त्यांच्यापर्यंत पोहोचतो. म्हणून लोडरचे काम करताना, आणि भरलेली बकेट घेऊन उतार उतरताना तर न चुकता, फोर व्हील ड्राइव्ह चालू ठेवावा आणि खालचा गिअर घ्यावा. भरलेली बकेट उताराच्या वरच्या बाजूला राहील असा ट्रॅक्टर चालवावा, म्हणजे चढताना सरळ चढावा आणि उतरताना शक्य तेथे मागे घेत उतरावा.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे : एकच गोष्ट करणे शक्य असेल तर लिंकेजवर वजनाची पेटी लावा. दोन्ही शक्य असतील तर दोन्ही करा, कारण त्यांची कामे वेगळी आहेत. मी स्वतः पहिली काही वर्षे केवळ टायरमधील पाण्यावर विसंबून होतो. चाके फिरणे थांबले होते, म्हणून सगळे ठीक आहे असे वाटत होते. पुढच्या हबमधून तेल गळू लागल्यावर हा हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडला.

प्रश्न : मागच्या टायरमध्ये किती पाणी भरावे आणि ते कसे भरावे? पाण्याऐवजी कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण वापरावे, असेही ऐकले आहे.

उत्तर : चाक असे फिरवावे की व्हॉल्व्ह सर्वांत वर, घड्याळातील १२ च्या जागी येईल, आणि त्या पातळीपर्यंतच भरावे. यामुळे टायरची सुमारे ७५ टक्के जागा द्रवाने भरते आणि वर हवेची उशी उरते. ही उशी आवश्यक आहे. हवा दबते, पाणी दबत नाही. टायर शिगोशीग भरला तर तो दगडासारखा होतो, प्रत्येक हादरा सरळ रिमला आणि अ‍ॅक्सलला बसतो, आणि टायर फुटण्याची शक्यता वाढते.

भरताना तो अ‍ॅक्सल जॅकवर घेऊन खाली भक्कम ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करू नये, कारण भरत असलेले चाक मिनिटागणिक जड होत जाते. व्हॉल्व्हची आतली सुई काढून, पाणी आत जाईल आणि हवा बाहेर येईल असा दुहेरी जोड लावावा. व्हॉल्व्हमधून पाणी बाहेर येऊ लागले की थांबावे, सुई परत बसवावी आणि मग हवा भरावी. हवेचा दाब पुढेही नेहमी व्हॉल्व्ह वर असतानाच तपासावा. खाली असताना तपासल्यास मोजमापात पाण्याचा दाबही मिसळतो आणि मापकात पाणी शिरते.

साधे पाणी एका लिटरला एक किलो भरते. कॅल्शियम क्लोराइडचे दाट द्रावण लिटरला सुमारे सव्वा किलो भरते आणि कडाक्याच्या थंडीत गोठत नाही, हे त्याचे दोन गुण. दोष एकच, पण तो मोठा आहे : ते लोखंड खाते. ट्यूब असलेल्या टायरमध्ये ट्यूब शाबूत आहे तोवर रिम सुरक्षित राहते. बारीकसे छिद्र पडले आणि लक्ष गेले नाही, तर रिम आतून कुजते आणि ते बाहेरून दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. ट्यूब नसलेल्या टायरमध्ये ते भरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. द्रावण तयार करताना कॅल्शियम क्लोराइड पाण्यात थोडे थोडे टाकावे. क्लोराइडवर पाणी ओतू नये, कारण ते विरघळताना बरीच उष्णता बाहेर पडते आणि द्रावण उसळू शकते. डोळ्यांना चष्मा आणि हातांत मोजे असावेत.

जिथे पाणी गोठत नाही तिथे साधे पाणी पुरते. जिथे गोठते तिथे प्रॉपिलीन ग्लायकॉल मिसळता येते. एथिलीन ग्लायकॉल मात्र टाळावे. ते विषारी असून चवीला गोड असते, आणि गळती झाल्यास जनावरे ते चाटतात. बीटपासून साखर काढल्यानंतर उरणाऱ्या रसापासून तयार केलेला जड द्रवही काही देशांत मिळतो. तो कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणाइतकाच जड असून रिमला गंज चढवत नाही. टायरमध्ये फोम भरून घेण्याचा मार्गही आहे, परंतु तो परतीचा मार्ग नाही : एकदा भरलेला फोम टायर कापल्याशिवाय निघत नाही आणि गाडी फार कडक चालते.

पंक्चर काढताना हे सर्व द्रव आधी बाहेर काढावे लागते, हेही ध्यानात ठेवावे. ज्यांना ही कटकट नको असेल त्यांनी चाकांच्या डिस्कवर बोल्टने बसणारी बिडाची वजने वापरावीत. ती हवी तेव्हा काढता येतात. बसवल्यानंतर पहिल्या काही तासांच्या कामानंतर त्यांचे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत.

प्रश्न : वजनाची पेटी विकत घेण्याऐवजी २०० लिटरच्या रिकाम्या ड्रममध्ये काँक्रीट भरून ती घरीच करावी, असा विचार आहे. ड्रममधून २२ मिलिमीटरची सळई आडवी घालून तिची दोन टोके लिंकेजला जोडली तर चालेल का?

उत्तर : ड्रम चालेल, सळई चालणार नाही.

आधी वजन पाहू. काँक्रीट एका घनमीटरला सुमारे २४०० किलो भरते, म्हणजे पूर्ण भरलेला २०० लिटरचा ड्रम ४८० किलोचा होईल. हे वजन अनेक लहान ट्रॅक्टरच्या लिंकेजला पेलवणारे नाही. माहितीपुस्तिकेत लिंकेजची उचलण्याची क्षमता बहुधा दोन ठिकाणची दिलेली असते : लोअर लिंकच्या (खालच्या दोन दांड्यांच्या) टोकाशी, आणि त्या टोकांच्या ६१० मिलिमीटर मागे. दुसरा आकडा नेहमी लहान असतो. आपल्या ठोकळ्याचा मध्य टोकांच्या थोडा मागे येणार असल्याने हिशेब दुसऱ्या आकड्यावरच करावा, म्हणजे चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला होईल. २५० किलो हवे असतील तर जेमतेम १०५ लिटर काँक्रीट लागते, म्हणजे अर्ध्याहून थोडा अधिक ड्रम. ड्रमचा वरचा भाग कापून टाकला तर मागचे दिसणेही सोपे होते.

आता सळईविषयी. लहान ट्रॅक्टरवर आढळणाऱ्या कॅटेगरी १ च्या (हे लिंकेजच्या ठरलेल्या मापांपैकी एक) लिंकेजला लोअर लिंकसाठी २२ मिलिमीटरची आणि टॉप लिंकसाठी (वरच्या मधल्या दांडीसाठी) १९ मिलिमीटरची पिन लागते, हे बरोबर आहे. अगदी छोट्या यंत्रांवर याहून बारीक पिना असतात, तेव्हा आधी मोजावे. परंतु २२ मिलिमीटर हे फक्त टोकाच्या पिनेचे माप आहे; संपूर्ण आडवी दांडी त्या जाडीची असावी असा त्याचा अर्थ नाही. खड्ड्यातून जाताना ठोकळा उसळतो, आणि काँक्रीटमधून बाहेर आलेली बारीक सळई त्याच जागी वाकते. आडवी दांडी जाड चौकोनी नळीची किंवा भरीव पोलादाची असावी, टोकाच्या पिना तिला आतून पक्क्या वेल्ड केलेल्या असाव्यात, आणि दोन्ही पिनांच्या खांद्यांमधील अंतर ६८३ मिलिमीटर असावे. या दांडीपासून वर टॉप लिंकसाठी दोन पट्ट्यांचा खांब न्यावा. त्याची पिन खालच्या पिनांच्या सुमारे ४६० मिलिमीटर वर येते. हा संपूर्ण लोखंडी सांगाडा आधी वेल्ड करून ट्रॅक्टरला जोडून पाहावा, वरखाली करून पाहावा, आणि मगच त्याभोवती काँक्रीट ओतावे. ओतल्यावर चूक सुधारता येत नाही. काँक्रीटच्या आत सळयांची जाळी सांगाड्याला बांधून घालावी, नाहीतर हादऱ्यांनी ठोकळा सांगाड्याभोवती ढिला होतो. ओतल्यानंतर २८ दिवस, निदान पहिले दोन आठवडे तरी, त्याला हात लावू नये, आणि सुरुवातीचे काही दिवस तो ओला ठेवावा.

ठोकळ्याला खाली रुंद तळ किंवा पाय असावेत, म्हणजे तो सोडल्यावर सरळ उभा राहील. सोडलेला ठोकळा कलंडून पायावर पडणे हा या घरगुती कामातील सर्वांत मोठा धोका आहे. चालताना होणाऱ्या धोक्यांची तरी सर्वांना कल्पना असते. काँक्रीट ओतण्यापूर्वी वरच्या भागात दोन-तीन नळ्या उभ्या बसवल्या तर फावडे, पहार आणि साखळी त्यांत ठेवता येते. ही सोय छोटी आहे, पण रोज उपयोगी पडते.

काँक्रीट नको असेल तर पोलादी पेटीत वाळू किंवा खडी भरता येते. कोरडी वाळू घनमीटरला सुमारे १६०० किलो भरते, म्हणजे तेवढ्याच वजनासाठी पेटी दीडपट मोठी लागते. पण वजन कमीअधिक करता येते, हा तिचा फायदा. अशा पेटीला झाकण आणि तळाला पाणी निघून जाण्याची भोके असावीत, कारण पावसात भिजलेली वाळू आपल्याला न सांगता जड होते.

प्रश्न : माझ्याकडे रोटाव्हेटर आहेच. तोच मागे उचलून ठेवला तर वेगळे वजन लागेल का?

उत्तर : पुरेसा जड असेल तर नाही. रोटाव्हेटर ट्रॅक्टरच्या जवळ बसतो आणि आटोपशीर असतो, त्यामुळे तो चांगला प्रतिभार ठरतो. त्याचा पीटीओ शाफ्ट (इंजिनची ताकद अवजाराला देणारा दांडा) काढून ठेवावा आणि चेक चेन ताणून घ्याव्यात, म्हणजे तो डावीउजवीकडे झुलणार नाही. गवत कापायचे लांबलचक मशीन मात्र या कामाला सोयीचे नाही. लांबीमुळे त्याची तरफ मोठी असते, हे खरे. पण लोडरच्या कामात सारखे वळावे लागते आणि त्याची शेपटी दर वळणाला भिंतीवर, झाडावर किंवा माणसावर जाते. शिवाय रोज मातीकाम करणाऱ्याने महागड्या अवजाराला दिवसभर धूळ आणि हादरे खायला लावण्यापेक्षा साधा ठोकळा करून घेणे अधिक शहाणपणाचे आहे.

वजन म्हणून मागे माणसे उभी करण्याची सवय काही ठिकाणी दिसते. ती कोणत्याही कारणासाठी, एका फेरीसाठीसुद्धा, करू नये. माणूस झटका बसताच खाली पडतो, आणि तो पडतो तो मागच्या चाकाच्या शेजारी.

प्रश्न : मागे ३०० किलो वजन लावल्यापासून ट्रॅक्टर खूप स्थिर वाटतो. आता लोडरने पूर्वीपेक्षा जास्त माल उचलता येईल का? हायड्रॉलिकचा दाब थोडा वाढवून घ्यावा, असे एका मेकॅनिकने सुचवले आहे.

उत्तर : नाही, आणि दाबाला हात लावू नये. लोडर किती उचलेल हे त्याच्या सिलिंडरवर आणि रिलीफ व्हॉल्व्हच्या (जास्तीचा तेलदाब सोडून देणाऱ्या झडपेच्या) दाबावर ठरते. मागच्या वजनाने त्यात किलोचीही भर पडत नाही. मागचे वजन एवढेच करते की लोडर त्याच्या ठरलेल्या क्षमतेइतका माल उचलत असताना ट्रॅक्टर जमिनीवर राहतो. दाब वाढवला की लोडरचे बाहू, त्यांच्या पिना, ते ज्या चौकटीवर बसले आहेत ती चौकट आणि पुढचा अ‍ॅक्सल हे सगळे त्यांच्या मापाबाहेर ताणले जातात. रिलीफ व्हॉल्व्ह ही या सर्वांची राखण आहे. क्षमता वाचतानाही ती कुठे मोजली आहे ते पाहावे : बकेटच्या पिनेशी मोजलेला आकडा मोठा असतो, तर पिनेच्या ५०० मिलिमीटर पुढे मोजलेला लहान, आणि माल बकेटमध्ये असतो तो पिनेच्या पुढेच.

स्थिर वाटणे हे माप नव्हे. वजन पुरेसे आहे का हे पाहण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे वजनकाटा. बकेट नेहमीच्या सर्वांत जड मालाने भरावी, ती जमिनीपासून थोडीच वर ठेवावी, आणि आधी फक्त पुढची चाके, नंतर फक्त मागची चाके काट्यावर घेऊन दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. पुढचा आकडा पुढच्या अ‍ॅक्सलच्या आणि पुढच्या टायरच्या मर्यादेत हवा, मागचा मागच्यांच्या मर्यादेत हवा, आणि एकूण वजन ट्रॅक्टरच्या कमाल अनुमत वजनात बसायला हवे. शेवटची अट कागदी वाटते, पण तसे नाही. चालकाच्या मागची संरक्षक कमान ठराविक वजनाचा ट्रॅक्टर उलटला तर टिकेल, अशा बेताने तपासलेली असते. ते वजन ओलांडले की तिचा भरवसा देता येत नाही. याच कारणाने बॅलास्ट अडकवण्यासाठी त्या कमानीला किंवा अ‍ॅक्सलच्या घराला कधीही छिद्र पाडू नये आणि वेल्डिंग करू नये. कमान उभी असताना पट्टा बांधलेला हवा.

लोडर बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत मागे किमान किती वजन हवे ते दिलेले असते. तो आकडा माझ्या कोणत्याही उदाहरणापेक्षा वरचा समजावा. पुढच्या टायरमधील हवाही त्या टायरसाठी दिलेल्या कमाल दाबापर्यंत भरून घ्यावी. पुढचे टायर मालाखाली बसके दिसत असतील तर ते आधीच त्रासात आहेत.

प्रश्न : माझ्या ट्रॅक्टरला पुढच्या बंपरवर कारखान्यातूनच आलेली वजने आहेत. लोडर बसवल्यावर ती तशीच ठेवावीत का? आणि मागची पेटी कायमची लावून ठेवली तर काही बिघडते का?

उत्तर : पुढची वजने लोडर बसवताच काढावीत. ती मागे जड अवजार असताना पुढची चाके जमिनीवर राहावीत म्हणून दिलेली असतात. लोडरचे काम याच्या नेमके उलट आहे, आणि तिथे ती आधीच दबलेल्या पुढच्या अ‍ॅक्सलवर आणखी ओझे टाकतात.

मागच्या पेटीबाबत प्रश्न उलट दिशेने येतो. लोडर उतरवला आणि मागची पेटी तशीच राहिली, तर पुढची चाके हलकी होतात. पुढच्या अ‍ॅक्सलवर एकूण वजनाच्या निदान २० टक्के भार असावा, असा सर्वमान्य दंडक आहे. त्याखाली स्टिअरिंग ऐकत नाही. चढावर तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकासह मागे उलटू शकतो आणि हे इतक्या झटपट घडते की क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. म्हणून लोडर आणि मागचे वजन ही जोडी समजावी : एक उतरला की दुसरे उतरवावे. लोडर उतरवताना आधी लोडर काढून मग पेटी काढावी, आणि चढवताना आधी पेटी लावून मग लोडर बसवावा; म्हणजे लोडर जोडलेला असताना ट्रॅक्टर कधीही मागून उघडा राहत नाही. हे काम सपाट जागेवर, जवळच्या जवळ करावे.

लोडर असतानाही पेटी उंच उचलून चालू नये. जमिनीपासून ३० सेंटिमीटरच्या आसपास, वाटेतील उंचवटे चुकतील इतकीच ती वर असावी. थांबल्यावर बकेट आणि पेटी दोन्ही जमिनीवर टेकवावीत. भुसभुशीत किंवा ओल्या जमिनीत पेरणीपूर्व मशागत असेल, हिरवळीवर काम असेल, तर पेटी आणि चाकांची वजने काढूनच जावे, कारण तिथे जास्तीचा प्रत्येक किलो माती दाबत जातो. टायरमधील पाणी मात्र असे काढता-घालता येत नाही. ज्यांचा ट्रॅक्टर निम्मे दिवस लोडरला आणि निम्मे दिवस वाफ्यांत असतो, त्यांनी टायर कोरडे ठेवून सगळे वजन लिंकेजवरच लावावे, असे मी सुचवेन. ज्यांच्या ट्रॅक्टरवरून लोडर वर्षभर उतरत नाही, त्यांनी टायर खुशाल भरून घ्यावेत आणि पेटीही लावावी.